कारंज्याचे झाकण

आज सकाळी उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर येत असताना पुढच्या ट्रकच्या चाकांनी माझ्या काचेवर चिखलाचे चार शिंतोडे उडवले. मी वायपरची दांडी स्वतःकडे ओढली. आतली मोटर घरघरली, पाण्याचा मात्र थेंबही आला नाही. वायपर बिचारे इतके आज्ञाधारक, की पाणी आले आहे की नाही हे न पाहताच ते कोरड्या काचेवर फिरले आणि चार शिंतोड्यांचा चिखल त्यांनी काचभर व्यवस्थित सारवून ठेवला. उरलेला रस्ता मी खिडकीतून मान बाहेर काढून कापला.

शेजारच्या आसनावर पिशवी ठेवली, की तिने पट्टा का बांधला नाही म्हणून हीच गाडी किणकिण करून माझे डोके उठवते. दार बोटभर उघडे राहिले तर सांगते, इंधन कमी झाले तर सांगते, बाहेर किती अंश तापमान आहे हेही कोणी न विचारता सांगते. काच धुण्याचे पाणी संपत आले आहे, एवढे सांगायला मात्र तिच्याकडे एक दिवा नाही. तो वरच्या, महागड्या आवृत्तीत असतो म्हणे. स्वस्त गाडी घेणाऱ्याला समोरचे दिसण्याची गरज कमी असते, असा काहीतरी हिशेब त्यामागे असावा.

संध्याकाळी घरी येताच बॉनेट उघडायला घेतले. स्टेअरिंगखालचा खटका ओढल्यावर बॉनेट दोन बोटे वर उचलले जाते आणि मग त्या फटीत हात घालून दुसरी खिट्टी आंधळ्यासारखी चाचपावी लागते. ती डावीकडे सरकते की वर उचलली जाते, हे मला आठ वर्षांत एकदाही पहिल्या झटक्यात आठवलेले नाही. बॉनेट एकदाचे दांडीवर टेकवले आणि टॉर्च घेऊन आत वाकलो.

आत झाकणेच झाकणे. त्यांतील सर्वांत सुबक, दुधी रंगाची, आरपार दिसणारी, किमान आणि कमाल पातळीच्या रेघा आखलेली, हात घालताच सापडणारी टाकी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) निघाली, म्हणजे नेमकी तीच, जी गरम इंजिनावर उघडायची नसते, कारण आतले द्रव दाबाखाली असते आणि झाकण फिरवले तर ते उकळत अंगावर येऊ शकते. जिला महिनोन्महिने हात लावण्याचे कारण नाही, ती टाकी अशी दर्शनी ठेवली आहे. जी मी स्वतः, घरी, पुन्हा पुन्हा भरणे अपेक्षित आहे, ती मात्र बंपरमागच्या काळोखात पुरली आहे आणि वर केवळ तिची टिचभर मान काढून ठेवली आहे. हे ज्याने आखले, त्याने आयुष्यात स्वतःच्या हाताने गाडीत पाणी भरलेले नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

शेवटी मार्गदर्शक पुस्तिका काढली. गाण्यांसाठी फोन गाडीला कसा जोडावा यावर त्यात पानेच्या पाने आहेत. काचेच्या पाण्याला साडेतीन ओळी मिळाल्या आहेत, आणि सोबतचे चित्र अशा गाडीचे आहे जिचे इंजिन माझ्या इंजिनाच्या सातव्या पिढीतलेही नातलग वाटत नाही. त्या चित्राच्या भरवशावर मी ब्रेक ऑइलच्या डबीपर्यंत पोहोचलो होतो. तिच्यात पाणी गेले असते, तर पुढच्या उतारावर काच स्वच्छ असून काही उपयोग झाला नसता.

पंधरा मिनिटे माझे पुटपुटणे ऐकून मुलगी बाहेर आली. आत एक नजर टाकून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही टॉर्च ज्यावर ठेवलाय, तेच तर नाही ना?"

तेच होते. झाकणावर धुळीचा इतका थर होता की मी ते टॉर्च टेकवायचे बूड समजलो होतो. अंगठ्याने पुसल्यावर खालून काच आणि तिच्यावर उडणारे कारंजे असे चिन्ह अगदी स्वच्छ उमटले. हा थर कंपनीने दिलेला नव्हता, तो माझ्या आठ वर्षांच्या आळसाचा होता, हे मी मुलीसमोर कबूल केले नाही.

पण म्हणून भरणे सोपे झाले असे नाही. त्या मानेत नरसाळे सरळ बसत नाही. पाणी घटाघट आत जाता जाता अचानक गुळणी टाकल्यासारखे उलटे येते, आणि पातळी दिसण्याची सोय नसल्यामुळे टाकी भरली हे आपल्याला आपल्या ओल्या बुटांवरून कळते. यात भर सल्लागारांची. माझे मेहुणे नेहमी सांगतात, की दोन थेंब शाम्पू टाका, काच चकाचक होते. चकाचक होत नाही. काचेवर फेस होतो आणि त्याचा चिकटा फवाऱ्याच्या तोंडाशी बसतो. नुसते पाणी वर्षानुवर्षे साठवणेही बरे नाही. अशा पाण्याचा लीजनेअर्स या फुफ्फुसांच्या आजाराशी संबंध दिसल्याचे ब्रिटनमधील संशोधकांनी 2010 मध्ये मांडले होते. हे मी मेहुण्यांना सविस्तर लिहून कळवले, तर त्यांनी उत्तरादाखल फक्त अंगठा दाखवला.

या वेळी मी वॉशर द्रवच भरले, हात पुसले आणि विजयी मुद्रेने दांडी ओढली. डावीकडचा फवारा उडाला, उजवीकडचा, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोरचा, ढिम्म. त्याच्या छिद्रात क्षार साचला होता. तो टाचणीने कोरला. कोरताना छिद्राची दिशा थोडी बदलली असावी, कारण पुढच्या वेळी दांडी ओढताच एक जोमदार धार काच आणि टप ओलांडून मागे उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावर पडली. वायपर नेहमीप्रमाणे लगेच फिरले. माझ्या बाजूला कोरडेच.