त्या आजींनी माफी का मागावी?

आज संध्याकाळपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

झालं असं. पुण्यात स्वारगेटहून धायरीच्या बसने घरी येत होते. संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर काय असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. दांडेकर पुलाच्या सिग्नलला बस रखडली, पुढे पु. ल. देशपांडे उद्यानापाशी पुन्हा रखडली, मग राजाराम पूल. आनंदनगर आलं तशा एक आजी उठल्या. पंचाहत्तरीच्या असतील. गुडघे गेलेले, हातात कापडी पिशवी, तिच्यातून मेथीची जुडी बाहेर आलेली. बस स्टॉपला लागलीच नाही. स्टॉपच्या पुढ्यात नेहमीप्रमाणे चारचाकी उभ्या होत्या. ड्रायव्हर बिचारा काय करणार, त्याने रस्त्यातच थांबवली. म्हणजे आजींना फूटपाथवर नाही, थेट रस्त्यात पाय टाकायचा होता. आणि बस आणि त्या उभ्या गाड्या यांच्यामधल्या फटीतून टू-व्हीलर सुसाट चाललेल्या.

आजी दोन्ही हातांनी दांडा धरून, तिरक्या होऊन, एकेक पायरी उतरत होत्या. मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना. तेवढ्यात कंडक्टरने पुढच्या दारातून खाली उडी मारली. पंचविशीचा पोरगा. दोन्ही हात पसरून टू-व्हीलरच्या समोर उभा राहिला. एकाने त्याला आईवरून शिवी दिली. त्याने वळूनही पाहिलं नाही. आजींना म्हणाला, "सावकाश या आजी. कोणी कुठं पळून जात नाहीये."

आजी उतरल्या. आणि उतरल्यावर त्यांनी काय केलं? त्या हॉर्नवाल्या गाडीकडे वळल्या, पिशवीसकट हात जोडले आणि म्हणाल्या, "माफ करा हं बाळांनो, माझ्यामुळे खोळंबा झाला."

त्या क्षणापासून माझ्या पोटात कालवतंय.

खोळंबा त्यांच्यामुळे झाला? त्या बसमध्ये साठएक माणसं होती. बसने रस्त्याची जागा व्यापली तीन चारचाकींची. मागच्या तीन चारचाकींत मिळून माणसं किती असतील हे तुम्हीच रोज बघता. एकेक. फार तर कुठे दोन. रस्ता कोणी अडवलाय हे सांगायला कुठला तज्ज्ञ लागत नाही. आणि माफी मागते कोण, तर जिने या शहराचा रस्ता सगळ्यात कमी वापरला ती. पिशवीएवढी जागा लागली तिला.

२०२४ साली टॉमटॉम या वाहतुकीचा वेग मोजणाऱ्या कंपनीच्या संथ शहरांच्या यादीत पुणे जगात चौथं आलं, दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं. तेव्हा सगळ्यांनी ती बातमी शेअर केली होती. त्याच्याही आधी, २०१८ मध्ये, नोंदवलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याचं पेपरात आलं होतं. दोन्ही वेळा आपण हळहळलो आणि दुसऱ्या दिवशी गाडीला किल्ली लावली. हे सायकलींचं शहर होतं हो. लकडी पुलावरून सायकलींचे जथे जायचे, असं आमचे वडील सांगायचे.

आता लगेच कोणीतरी खाली लिहील, "बस वेळेवर येते का? निम्म्या बंद पडतात, धूर सोडतात, ड्रायव्हर रेटून चालवतात." बरं, मान्य. खरंय ते. पण तिला वेळेवर येऊ कोण देत नाही? तिच्या पुढ्यात कोण उभं असतं? आपण म्हणतो बस बेभरवशाची, म्हणून पोराला कॉलेजला गेल्या गेल्या गाडी घेऊन देतो. ती गाडी रस्त्यावर येते, रस्ता आणखी तुंबतो, बस आणखी उशिरा येते, मग शेजारचेही गाडी घेतात. घरात माणसं चार आणि पार्किंगमध्ये गाड्या पाच, अशी घरं आमच्याच इमारतीत आहेत. चांगली माणसं आहेत ती सगळी. मी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाते.

बीआरटीचं काय केलं आपण, आठवतंय? २००६ साली कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर सुरू झाली, देशात पहिली. बसला स्वतःची लेन, मधे कोणी येणार नाही, बस सरळ निघून जाणार. किती साधी गोष्ट! चुका होत्या तिच्यात, भरपूर होत्या. रस्त्याच्या मधोमध असलेल्या स्टॉपपर्यंत माणसाने पोचायचं कसं, याचा धड विचार नव्हता. पण चुका दुरुस्त करायच्या असतात ना? आपण काय केलं? बसच्या लेनमध्ये गाड्या घातल्या, वॉर्डनशी हुज्जत घातली, आणि शेवटी नगर रस्त्यावरची बीआरटी तर उखडूनच टाकली. उखडली तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. सुटलो एकदाचे, म्हणे. कोण सुटलं? नगर रस्ता सुटला का? तिथे रोज जाणाऱ्यांनी सांगावं.

बसला दिलेली लेन म्हणजे आपल्याकडून हिसकावलेली लेन, असं आपल्याला वाटतं. माझं सगळं दुखणं हे एवढंच आहे. साठ माणसांना वाट दिली की आपलं काहीतरी गेलं, असं वाटणं. त्या हॉर्नमध्ये मला तेच ऐकू आलं.

आणि मग उपाय काय, तर उड्डाणपूल. विद्यापीठ चौकातला पूल बांधला, जेमतेम दीड दशक वापरला आणि २०२० मध्ये पाडला. आता तिथे दुमजली. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्फोटकं लावून उडवला, लोक रात्री जागून टीव्हीवर बघत होते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नवा चौक खुला झाला. झकास, रुंद, कुठून कुठे जायचं त्याच्या पाट्याच पाट्या. आणि पायी चालणाऱ्या माणसाने तो ओलांडायचा कसा? तिथे पादचारी पूल हवा, हे लोकांना मागून ओरडून सांगावं लागलं. एवढ्या मोठ्या नकाशात माणूस कुणाला दिसलाच नाही.

आमच्या सिंहगड रस्त्यालाही राजाराम पुलापासून फनटाइम थिएटरपर्यंत उड्डाणपूल झालाय. लोक खूष आहेत. थोडा फरक पडलाय, नाही म्हणत नाही. घाईत असलेला माणूस वरून निघून जातो. पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. स्टॉपवर थांबणारी बस त्या पुलावरून जाऊच शकत नाही. स्टॉप खाली, माणसं खाली, आजी खाली. कोट्यवधी रुपये खर्चून जी वाट काढली ती चारचाकीची, टू-व्हीलरची. बस अजूनही खाली, खांबांच्या शेजारच्या चिंचोळ्या रस्त्यात, रिक्षा, टेम्पो आणि डबल पार्किंग यांच्यामधून घुसत चालली आहे. आज आजी उतरल्या ना, त्या त्याच पुलाखालच्या अंधारात उतरल्या.

कंडक्टरबद्दल लिहायचं राहिलं. त्याला कोणी सांगितलं होतं खाली उतरायला? नियमात तरी आहे का ते? गच्च भरलेल्या बसमध्ये तिकीट फाडत, सुट्ट्या पैशांवरून रोज भांडणं ऐकत, "पुढं सरका, पुढं सरका" करत त्याचा घसा बसलेला. तरी त्याने उडी मारली. शिवी खाल्ली आणि परत येऊन डबल बेल दिली. मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण माझ्या तोंडून शब्दच फुटेना. डोळे भरून आले होते. आज त्याच्या आईला कोणीतरी सांगायला हवं की बाई, पोरगा चांगला निपजला.

आता जरा शांत झालेय, म्हणून हेही लिहिते. तो हॉर्न वाजवणारा माणूस राक्षस नव्हता. बस पुढे निघाली तेव्हा त्याची गाडी शेजारी आली. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं, शर्टाची वरची बटणं उघडी, मागच्या सीटवर लॅपटॉपची बॅग. खराडीहून वगैरे येत असेल, दीड-दोन तास गाडीत बसून. घरी पोरं वाट बघत असतील, पोर झोपायच्या आत पोचलो तर बरं, असं त्याच्या मनात असेल. हे शहर त्यालाही पिळून घेतंय. घरं परवडतात ती धायरी, नऱ्हे, वाघोलीला आणि नोकऱ्या हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात. कोणी ठरवलं हे असं? २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत घेतली आणि पुणे क्षेत्रफळाने मुंबईलाही मागे टाकून गेलं. त्या गावांत इमारती आधी उभ्या राहिल्या, रस्ते अजून यायचेत. शेताच्या बांधावरून वळणारा रस्ता तसाच राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मजले आले. तिथला माणूस बसची वाट बघत किती वेळ उभा राहणार? तोही गाडी घेणारच. त्याचा संताप मला कळतो.

पण संताप काढायचा तो आजींवर? हे मला नाही कळत. कधीच कळणार नाही.

मेट्रो आली, फार चांगलं झालं. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज सुरू झाली तेव्हा सासूबाईंना हौसेने बसवून आणलं होतं. २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत जमिनीखालून आली, तीही छान आहे. पण मेट्रोच्या स्टेशनपर्यंत जायला काय लागतं? बस लागते, नाहीतर धड फूटपाथ लागतो. ते दोन्ही नसलं की मेट्रोलाही माणूस गाडी घेऊनच जातो. सासूबाई आता तुळशीबागेत जायचं नाव काढत नाहीत. म्हणतात, तिथपर्यंत जाईन गं, पण रस्ता कोण ओलांडून देणार. दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन असतो, २०२१ पासून. त्या दिवशी गाड्या बंद, लोक मोकळे फिरतात, म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत उभ्या असतात. बघून जीव हरखतो. वर्षातून एक दिवस!

आणि बस वापरणाऱ्यांना बक्षीस काय मिळालं? गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनपासून पीएमपीएमएलचं, म्हणजे आपल्या शहर बसचं, भाडं वाढलं. पाचाचं तिकीट दहा झालं. दिवसाचा पास ४० चा ७०, महिन्याचा ९०० चा १५००. धुणीभांडी करायला दोन बस बदलून येणाऱ्या बायकांना विचारा हे सहाशे रुपये म्हणजे काय ते. डिझेल महागलं, पगार वाढले, तोटा वाढला, हे सगळं मला माहीत आहे. पण तोटा कसला? दवाखान्याचा तोटा मोजतो का आपण? शाळेचा? उड्डाणपुलाचा तोटा तर कोणी काढतच नाही. त्यावरून जायला तिकीट नाही, रस्त्याकडेला गाडी उभी करायला बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत, आणि बसमध्ये चढणाऱ्या माणसाकडून मात्र दुप्पट. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. गावोगावच्या बायका त्यामुळे घराबाहेर पडल्या, माहेरी जाऊ लागल्या. मग शहरातल्या बसमध्ये का नको?

मला कोणी म्हणेल, तुम्हाला बस परवडते कारण तुमचं ऑफिस मार्गावर आहे. हो, आहे. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, ज्यांना रात्रपाळी आहे, ज्यांना दोन पोरांना दोन शाळांत सोडायचंय, त्यांनी गाडी काढावी. त्यांच्यासाठी तरी रस्ता मोकळा असावा ना? तो मोकळा व्हायचा तर बाकीच्यांनी बसमध्ये यायला हवं, आणि ते यायचे तर बसला वाट हवी. मी दुसरं काय मागतेय?

आनंदनगरच्या त्या स्टॉपसमोर रोज गाड्या उभ्या असतात. पाच मिनिटांसाठी, म्हणे. औषधं घ्यायला, पार्सल घ्यायला. त्या पाच-पाच मिनिटांमुळे बस रस्त्यात थांबते, मागचा अख्खा रस्ता अडतो, आणि मग एका म्हाताऱ्या बाईला वाटतं की हे सगळं आपल्या गुडघ्यांमुळे झालं. नाही हो आजी. तुमच्यामुळे काही झालं नाही. मी हे तिथेच मोठ्याने बोलायला हवं होतं, पण दार बंद झालं होतं.

मी अर्ज लिहायला घेतलाय. तीनच मागण्या. स्टॉपच्या पुढेमागे बसच्या लांबीएवढी जागा रंगवून, खांब लावून मोकळी ठेवा. तिथला फूटपाथ बसच्या पायरीला जुळेल असा करा आणि पुलाखाली दिवे लावा. आणि संध्याकाळी पाच ते नऊ राजाराम पूल ते फनटाइम खालची एक लेन फक्त बस आणि ॲम्ब्युलन्सला द्या, निदान महिनाभर करून तर बघा. सोमवारी सकाळी क्षेत्रीय कार्यालयात नेऊन देणार आहे, एक प्रत वाहतूक शाखेला. कंडक्टरच्या कौतुकाचं पत्र डेपोला वेगळं देतेय, तिकिटावरून बस कळेल.

हिंगणे, आनंदनगर, माणिकबाग, वडगाव भागात राहणाऱ्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी रविवारपर्यंत इनबॉक्स करा, मी कागद घेऊन घरी येईन. बसने जाणारे करतीलच. मला चारचाकीवाल्यांच्या सह्या जास्त हव्या आहेत.