‘८७ टक्के हिमनद्या ठणठणीत’ म्हणे!

काकांचं मे महिन्यातलं चारधामचं बुकिंग झालंय आणि यंदा गोमुखापर्यंत, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या टोकापर्यंत, चालत जायचंच असं त्यांनी ठरवलंय. त्यामुळे दोन आठवडे घरच्या ग्रुपवर हिमालयाशिवाय विषय नाही. परवा त्यांनी जो फॉरवर्ड टाकला, तो मला आधीच दोन ग्रुपांवर येऊन गेला होता. वर ठळक अक्षरांत ‘हिमनद्या वितळतात हे थोतांड’, खाली पाच मुद्दे आणि त्याखाली काकांची पुस्ती: ‘वाचा, म्हणजे उगाच घाबरणं बंद होईल.’ दोनदा सोडून दिलं होतं, आता लिहितेच.

पहिला मुद्दा: ‘बर्फाला पाय असतात का? हिमनदी मागे सरकते म्हणजे काय चढ चढते?’

नाही चढत. मागे सरकतं ते तिचं टोक. अंगणात नळ सोडून बघा. ओघळ काही अंतर जातो आणि सुकतो. नळ बारीक केला की ओघळाचं टोक नळाकडे येतं, पण पाणी उलटं वाहत नाही. हिमनदीचं तेच. वर पडलेलं हिम थरावर थर दबून बर्फ होतं, आणि तो पुरेसा जाड झाला की स्वतःच्या वजनाने सैल मळलेल्या कणकेसारखा उताराकडे पसरायला लागतो. तळाशी पाणी असेल तर घसरतोसुद्धा. वरून येणारा बर्फ आणि खाली वितळणारा बर्फ यांचा हिशेब जिथे जुळतो, तिथे टोक.

आणि बर्फ हलतो याचा पुरावा हवा असेल तर अणुशास्त्रज्ञ होमी भाभा ज्यात गेले ते विमान आठवा. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या शिखराजवळ कोसळलं. २०२० च्या उन्हाळ्यात खालच्या बोसाँ हिमनदीत एका उपाहारगृहाच्या मालकाला वर्तमानपत्रं सापडली. मथळे इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याचे! ५४ वर्षं बर्फाने तो गठ्ठा डोंगरावरून खाली वाहून आणला. पाय नसताना.

दुसरा मुद्दा हा सगळ्या फॉरवर्डचा कणा: ‘इस्रोनेच सांगितलंय, ८७ टक्के हिमनद्या स्थिर.’

आता हे खोटं नाही, आणि म्हणूनच जास्त चिडचिड होते. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी २,०१८ हिमनद्यांची साधारण २००१ ते २०११ मधली उपग्रहचित्रं ताडून पाहिली आणि त्यातल्या १,७५२ स्थिर निघाल्या. पण स्थिर काय होतं? टोक आणि पसारा, वरून दिसतो तेवढा. तोही दहाच वर्षांत. जाडी त्यांनी मोजलेली नाही, आणि बर्फ कमी होतोय की नाही ते जाडीत कळतं.

हिमालयातल्या कितीतरी हिमनद्यांच्या खालच्या भागावर दगडगोट्यांचा जाड थर असतो. मासळीबाजारात बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकतात ना, तसा. थर जाड असेल तर खालचा बर्फ सावकाश वितळतो, टोक वर्षानुवर्षं तिथल्या तिथे राहतं आणि मधला भाग खपाटीला जातो. माणसाची उंची तेवढीच आहे म्हणून त्याचं वजन घटलं नाही म्हणायचं का?

जाडीचा हिशेब दुसऱ्यांनी केलाय. १९७० च्या दशकातल्या अमेरिकन हेर उपग्रहांच्या फिल्म नंतर खुल्या झाल्या. त्यांवरून ६५० हिमनद्यांच्या पृष्ठभागाची उंची काढून पुढच्या मोजण्यांशी ताडली आणि २०१९ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये निकाल छापला. १९७५ ते २००० मध्ये वर्षाला सरासरी २२ सेंटीमीटर जाडीच्या पाण्याच्या थराइतका बर्फ जात होता, २००० ते २०१६ मध्ये ४३. जवळजवळ दुप्पट.

उपग्रहावर विश्वास नसेल तर हिमाचलच्या लाहौलमधली छोटा शिगरी हिमनदी घ्या. तिथे २००२ पासून माणसं वर जाऊन बर्फात भोक पाडून बांबू रोवतात आणि पुढच्या वेळी बांबू किती उघडा पडला ते टेपने मोजतात. वरच्या भागात खड्डा खणून साचलेलं हिम मोजतात. मग जमा-खर्च. २०१९ पर्यंतची सरासरी: दरवर्षी ४६ सेंटीमीटर पाण्याइतकी तूट.

तिसरा मुद्दा, ‘२०३५ पर्यंत हिमालय संपणार हे खोटं निघालं.’ निघालं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००७ च्या अहवालातली ती घोडचूक होती आणि २०१० मध्ये त्यांनी ती कबूलही केली. चूक तारखेची होती, त्यामुळे वरचे बांबू काही परत बर्फात गेले नाहीत.

चौथा, ‘काराकोरमचे ग्लेशियर वाढताहेत.’ काश्मीरच्या उत्तरेच्या त्या रांगेत काही वाढले, काही अचानक मुसंडी मारून पुढे आले, हेही खरं. पण ते अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्या भरवशावर गंगेला पाणी येत नाही.

पाचवा मात्र संताप आणणारा: ‘तलाव फुटण्याच्या बातम्या म्हणजे विकास रोखण्याचा डाव.’ सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हिमनदी मागे हटत गेली तसा तिच्या पुढ्यातला तलाव वाढत गेला. ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात एका रात्री कडेचा उतार त्यात कोसळला, तलाव फुटला आणि तीस्ता नदीवरचं चुंगथांगचं ६० मीटर उंचीचं धरण वाहून गेलं. तीस्तेकाठची माणसं झोपेत होती. हा डाव कुणी टाकला म्हणे?

काका, गोमुखाला जरूर जा. फक्त त्या बर्फाच्या कमानीखाली उभं राहून फोटो काढू नका. ती हलते.