चार तासांची थंडी, दोन किलोंचा कोट

पुण्यात थंडी पडते की नाही, हा विषय मुंबईच्या पाहुण्यांनी काढू नये. पडते. पहाटे चारला येते, आठला आवराआवर करते आणि साडेदहाला निघून गेलेली असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-अकरा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास. एकाच दिवसात वीस अंशांची ही चढउतार झेपेल असा कोट अजून कुठल्याही शिंप्याने शिवलेला नाही. त्यामुळे पुणेरी कोट सकाळी अंगावर, दुपारी हातावर आणि संध्याकाळी ऑफिसच्या खुर्चीवर राहिलेला असतो.

आकडे मात्र आम्हाला तोंडपाठ. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते, जड झालेली गार हवा सखल भागात जाऊन बसते. म्हणून एकाच शहरात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो आणि पाषाणची माणसं शिवाजीनगरच्या माणसांकडे जरा कीव आल्यासारखं बघतात. ‘तुमच्याकडे अकरा? आमच्याकडे आठ होतं!’ हे सांगताना आवाजात असा अभिमान असतो, की ते तीन अंश सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव करून उतरवले असावेत. शिवाजीनगरला १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश नोंदले गेले होते. ते पाहिलेलं कोणी भेटत नाही, पण ‘हल्ली पूर्वीसारखी थंडी राहिली नाही’ असं म्हणणारे त्याच दिवसाचे साक्षीदार असल्यासारखे बोलतात.

पण माझं म्हणणं असं, की पुणेकराला थंडी वाजत नाही, वारा लागतो. अंगाभोवती उबदार हवेचा पातळ थर असतो, तो वारा सतत काढून नेतो. पहाटे दहा अंश असताना ताशी ४० किलोमीटरने स्कूटर हाणली, तर उघड्या कातडीला सहा अंशांसारखं वाटतं. वाऱ्याच्या गारठ्याचं जे सूत्र हवामानवाले वापरतात, त्यात आकडे घालून कोणीही पडताळावं. म्हणजे विद्यापीठाच्या चौकातून औंधच्या दिशेने निघालेला माणूस स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या पेट्रोलने थंडी तयार करत असतो.

आता लोकरीचा स्वेटर घ्या. ऊब धरून ठेवण्यात तो पटाईत, कारण ऊब लोकरीत नसते, कुरळ्या धाग्यांत अडकलेल्या हवेत असते. मात्र विणीच्या भोकांतून वारा आरपार गेला की ती हवाच उडते. जाड स्वेटर घालूनही स्कूटरवर हुडहुडी भरते ती यामुळे. मग लोक दुसरा स्वेटर घालतात आणि माणूस हँडलपाशी हात वळवू शकत नाही.

यावरचा गावठी तोडगा म्हणजे उलटं जॅकेट. चेन पाठीकडे, पाठ छातीकडे. हे दृश्य बघून बाहेरगावचे लोक हसतात, पण यात विज्ञान आहे. जॅकेटची सगळ्यात गळकी जागा चेन असते. दातांच्या फटींतून वारा आत येतो. चांगल्या जॅकेटला चेनच्या आत दोन-तीन बोटं रुंद कापडी पट्टी असते, ती हा वारा अडवते. स्वस्तात नेमकी ती पट्टी गाळलेली असते. जॅकेट उलटं घातलं की सलग कापड पुढे येतं. तोटा एवढाच, की गळ्याशी कॉलर रुतते आणि सिग्नलला चेन मागून खाली सरकली तर ती वर ओढायला शेजारच्या गाडीवाल्याला ‘काका, जरा’ म्हणावं लागतं.

फ्रान्सच्या मोठ्या सायकल शर्यतीतले स्वार घाट उतरण्याआधी जर्सीच्या आत छातीशी वर्तमानपत्र सारत, तेही याचसाठी. कागदातून वारा जात नाही. हा उपाय पुण्यात चालला नसता; पेपर वाचून झाल्याशिवाय घरातून हलू दिला नसता.

खरा पुणेरी हिवाळी कोट प्रत्येक घरात दाराआडच्या खुंटीला लटकतोय. तो म्हणजे रेनकोट. आत पातळ लोकरी स्वेटर, वरून रेनकोटचं नुसतं जॅकेट: वारा बंद, ऊब आत, वजन नाममात्र. घाम बाहेर जाईना, तर गाडीवरून उतरताच चेन उघडायची. दहा वाजता घडी करून डिकीत. इतकं सोपं असूनही कोणी करत नाही, कारण डिसेंबरात रेनकोट घालून निघालं की फाटकापाशी ‘काय, पाऊस सांगितलाय का?’ हा प्रश्न येतोच, आणि थंडी परवडली पण हा प्रश्न नको. खरं तर इंग्रजांचा रुबाबदार ट्रेंच कोटही मुळात असाच. थॉमस बर्बेरीने १८७९ मध्ये विणण्याआधीच सूत जलरोधक करून गॅबर्डिन नावाचं घट्ट कापड काढलं. त्याचे कोट पहिल्या महायुद्धात खंदकांत गेले, तिथून सिनेमात. आपला रेनकोट खुंटीवरच राहिला.

पिसांच्या फुगीर जॅकेटची तर पुण्यात भलतीच चलती आहे. त्याची वंशावळ मात्र थेट आपल्या पाषाण रस्त्यावर येते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा रसायनशास्त्रज्ञ बलूनच्या कापडात आयडर बदकाची मऊ पिसं भरून शिवलेला कोट घेऊन गेला. बरोबरचे खानदानी गिर्यारोहक ट्वीडचे कोट घालून त्याला हसले. वर गेल्यावर हसू गोठलं. हाच फिंच १९५२ ते १९५७ राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक म्हणून पुण्यात होता. पिसांच्या कोटाचा आद्य पुरुष, आणि पाच वर्षं अशा गावात जिथे दुपारी पंखा लावावा लागतो!

हे जॅकेट घेताना लेबलवरचा ‘फिल पॉवर’ वाचावा. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं किती घन इंच फुगतात त्याचा तो आकडा. ६०० ते ८०० असेल तर पिसं चांगली. आकडाच नसेल तर आत बहुधा पॉलिएस्टर आहे, आणि पुण्याला ते पुष्कळ झालं. शिवाय पॉलिएस्टर भिजलं तरी तग धरतं, पिसं भिजली की गोळा होतात. धुताना गार पाणी, थोडं सौम्य साबण, सॉफ्टनर नाही, पिळणं नाही. उचलताना दोन्ही हात खाली घालून उचलायचं. खांद्याला धरून उचललं तर पाण्याच्या भाराने आतले कप्पे फाटतात. सावलीत आडवं पसरून गुठळ्या बोटांनी मोडत राहायचं. याला दोन-तीन दिवस जातात, आणि तेवढ्यात थंडी संपते.

लग्नसराईतल्या कोटांबद्दल एकच विनंती. नव्या कोटाच्या पाठीमागच्या चिरेवर जाड दोऱ्याची फुली असते. ती वाहतुकीत चीर चुरगळू नये म्हणून घातलेली, नक्षी नव्हे. बारीक कात्रीने कापावी. न कापता पंगतीत बसलं की कोट पाठीवर गोळा होतो आणि जिलबी वाढणाऱ्यालाही ते दिसतं. बाहीवरची कंपनीची पट्टीही काढायची असते. खिसेही बहुतेक वेळा खोटे नसतात, टाके घालून बंद केलेले असतात, सावकाश उसवावेत. खिसाच नाही असं समजून आहेराची पाकिटं हातात धरून फिरणारे नवरदेव दर हंगामात दिसतात.

मग कोट कपाटात जातो, आणि तिथे पावसाळा त्याची वाट बघत असतो. ड्रायक्लीनची प्लॅस्टिक पिशवी आधी काढा. दमट हवा कोंडते आणि बुरशी येते. कसर लागते ती मळक्या लोकरीला, कारण अळीला घाम-तेलाचे डाग आवडतात. तेव्हा धुऊनच ठेवा. डांबरगोळीचा वास हवेपेक्षा जड, खाली उतरतो, म्हणून गोळ्या कपड्यांच्या वर ठेवायच्या. तान्ह्या बाळाच्या कपड्यांजवळ मात्र नकोत, काही बाळांचं रक्त त्याने बिघडतं.

कोट असा जपला की मे महिन्यात फोन येतो. ‘वहिनी, तुमच्याकडे तो जाड कोट आहे ना? आम्ही मनालीला चाललोय.’ कोट मनालीला जातो, पुढच्या वर्षी कुणाच्या पोराबरोबर जर्मनीला. परत आला की आधी खिसे बघावेत. चॉकलेटचे कागद निघतात, एखाद्या वेळी युरोची नाणीही. मग चेन पूर्ण खालीवर करावी. अडत असेल तर दातांवर मेणबत्ती घासावी, खोबरेल लावू नये. ते कापडाला लागतं, आणि नंतर डाग कुणी पाडला यावर दोन घरांत वर्षभर बोलणं बंद राहतं.