चोत्तो…

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानातल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलंय. ते चारपाच वेळा पाहिलंय, एवढ्या भांडवलावर मी ओकायामाकडच्या एका गावात इंग्रजी शिकवायची नोकरी घेतली. मूळ बाग १७०० साली पुरी झाली. तेव्हापासून तिथलं एक पानही विचारल्याशिवाय गळलं नसावं, इतकी ती टापटीप. माझी परीक्षा मात्र बागेत झाली नाही, कचऱ्यात झाली.

पुण्यात कचऱ्याची गोत्रं दोनच, ओला आणि सुका. इथे घराच्या किल्लीबरोबर हातात आलं ते कचऱ्याचं कॅलेंडर. आपल्या कॅलेंडरात एकादशी-संकष्टी असते, यात 'मोएरु गोमी' म्हणजे जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, प्लास्टिक बुधवारी, काचेचा मुहूर्त महिन्यातून दोनदा. बाटली ही एक वस्तू असते असं मला वाटायचं. ती तीन असते. झाकण वेगळं, लेबल सोलून वेगळं, आणि बाटली विसळून, चेपून वेगळी. सगळं सकाळी आठच्या आत न्यायचं, आदल्या रात्री चालत नाही. पिशवीही आरपार दिसणारी, म्हणजे आपण काय खाल्लं ते अख्ख्या आळीला कळावं.

आळीचे राखणदार समोरचे आजोबा. वय ऐंशीच्या पुढे. पिशव्यांवर कावळ्यांसाठी जाळी अंथरणं हे त्यांचं व्रत. (आपण कावळा शिवावा म्हणून हात जोडून ताटकळतो. इथे शिवू नये म्हणून जाळी!) मी नुसतं 'ओहायो गोझाइमास', म्हणजे सुप्रभात, म्हटलं तरी आजोबा म्हणायचे, "निहोंगो जोओझु देस ने!" वा, काय सुरेख जपानी बोलता! दोन शब्दांवर एवढं कौतुक मला बालवाडीनंतर कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात सगळ्यांच्या पिशव्या गेल्या आणि माझी एकटी मागे राहिली. वर पिवळं स्टिकर. आता पुणेकराला पाट्यांचा काय धाक! पण 'गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' या पाटीत निदान राग असतो, तिच्याशी भांडता येतं. या स्टिकरवर पिशवी नेता आली नाही म्हणून माझीच क्षमा मागितली होती. क्षमा मागणाऱ्याशी भांडायचं कसं?

आजोबा आले. वाकून पिशवीत पाहिलं. दातांतून 'स्स्स' अशी हवा आत ओढली आणि म्हणाले, "चोत्तो…" मग आकाशाकडे बघत राहिले.

चोत्तो म्हणजे 'जरा'. आपल्याकडे जरानंतर काहीतरी येतं. जरा सरका, जरा लाज बाळगा. इथे वाक्य जरावरच संपतं, पुढचं ज्याचं त्याने ओळखायचं. शाळेत मी विचारलं होतं, मुलांना एक मराठी गाणं शिकवू का? सहशिक्षक म्हणाले, "चोत्तो…" उरलेल्या वाक्याची मी तीन दिवस वाट पाहिली.

गुन्हेगार निघाली आईच्या लोणच्याची पिशवी. प्लास्टिक म्हणून ती मी बुधवारी ठेवली होती, तेलासकट. घरी आणून बर्फगार पाण्यात साबणाने तीनदा धुतली. हळद फिकी झाली, तेल ओसरलं, हिंग मात्र हटेना. चौथ्यांदा धुताना मला रडू आलं. ते लोणच्यासाठी की आईसाठी, ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जेवणानंतर मुलं नेहमीप्रमाणे कॉरिडॉर पुसत होती. इथे वर्ग मुलंच झाडतात, मुलंच पुसतात, आणि सेन्सेईनेही, म्हणजे शिक्षकानेही, फडकं हातात घ्यायचं असतं. शेजारी ओणव्याने पुसणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला मी माझी कैफियत सांगितली. तिने क्षणभर विचार केला. "सेन्सेई. डर्टी, नो वॉश. बर्न." म्हणजे डाग निघत नसेल तर ते प्लास्टिक जळणाऱ्यात. माझ्या अध्यापनाचं हे पहिलं फळ. मोबदल्यात तिने विचारलं, भारतीयांना एकोणीसपर्यंतचे पाढे येतात हे खरं का? हा समज इथे पक्का आहे. मी ऐटीत म्हटलं, "एकोणीस एकोणीस तीनशे एकसष्ट." कॉरिडॉरभर 'एएए!' उमटलं. त्या पाढ्यातली तेवढीच ओळ मला येते, हे त्यांना ठाऊक नाही. पावकी-निमकी आमच्याकडे पणजोबांबरोबरच गेली.

मग थंडीतला एक शुक्रवार. गाडी येऊन गेली होती आणि जाळीखाली एकच पिशवी उरलेली, पिवळं स्टिकर लावून. माझी नाही ना, म्हणून मी दोनदा पाहिलं. आत चहाची बाटली, लेबलासकट, झाकणासकट, न चेपलेली. शेजारी आजोबा जाळीची घडी घालत होते. घातलेली घडी पुन्हा उलगडत होते, पुन्हा घालत होते.

मी वाकून पिशवीत पाहिलं. दातांतून सावकाश हवा आत ओढली.

"चोत्तो…"

आजोबा कंबरेत लवले, पिशवी उचलली आणि घराकडे चालू लागले. 'निहोंगो जोओझु' काही म्हणाले नाहीत.