भुऱ्या, कॅनडाची काकवी आणि खाटेवरचं च्युइंगम

कुत्र्यानं मेपल सिरप खाल्लं तर चालतं का, हा प्रश्न आमच्या दारव्हा तालुक्यात कधी कोणाला पडेल असं वाटलं नव्हतं. गेल्या आठवड्यात पडला, आणि अख्ख्या ओसरीला पडला.

पुतण्या टोरांटोहून सुट्टीत आलाय. येताना मेपल सिरपची पानाच्या आकाराची काचेची बाटली घेऊन आला. तेच मेपलचं पान, जे १९६५ पासून त्यांच्या झेंड्यावर आहे. आईनं बोट बुडवून चाटलं आणि निकाल दिला, "हे तं काकवीच हाये बाप्पा. इतक्या दुरून कायले आणली?"

म्हातारी फार चुकली नाही. आपण उसाचा रस आटवतो, ते मेपलच्या खोडाला भोक पाडून त्यातला रस आटवतात. हिवाळा सरताना रात्री पाणी गोठावं इतकी थंडी आणि दिवसा ऊब, अशा दिवसांत तो रस ठिबकतो. चवीला पाण्यासारखाच, म्हणून जवळपास ४० लिटर आटवावा तेव्हा १ लिटर सिरप हाती येतं. जगातलं बहुतेक सिरप एकट्या क्युबेक प्रांतातून येतं. साखरेच्या बाबतीत मात्र काकवी काय अन् हे काय, मामला एकच. शंभर ग्रॅममध्ये साठच्या वर ग्रॅम निव्वळ साखर.

तर धाकटी पोळीवर सिरप ओतायला गेली आणि बाटली फरशीवर कलंडली. फडकं आणेपर्यंत आमच्या कुत्र्यानं, भुऱ्यानं, फरशी चाटून लख्ख केली. मांजर पण आली होती, हुंगून निघून गेली. (मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. कुत्र्याला कळतं, चांगलंच कळतं.)

मग सल्ले सुरू झाले. आई म्हणे, "आता याचे केस झडते पाय." शेजारचे काका म्हणे, "मिठाचं पाणी पाज लेका, आत्ता भडाभडा ओकते." गावच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, परदेशी गोड म्हणजे कुत्र्याला विषच. मी भुऱ्याकडे पाहत होतो, तो शेपूट हलवत बाटलीकडे पाहत होता.

ढोराच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. कुत्रा किती किलोचा, चाटलं किती, आणि बाटलीवर काय लिहिलंय. वजन कोणाला माहीत? कापूस मोजायचा काटा होता, भुऱ्याला पोत्यात घालून टांगला. १८ किलो भरला. आमच्या वेचणीवाल्या बाया हसून हसून पडल्या. चाटलं असेल दोन-तीन चमचे. बाटलीवर एवढंच, मेपल सिरप, दुसरं काही नाही.

"मग काही नाही," डॉक्टर म्हणाले. "एखाद्या वेळी पातळ होईल. पाणी ठेवा. आणि मिठाचं पाणी अजिबात पाजू नका." हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी नवीन होतं. जास्तीचं मीठच कुत्र्याला विषासारखं लागतं, झटके येऊ शकतात. आपल्याकडे तर साप चावो की विषारी काही खाल्लेलं असो, आधी मिठाचं पाणी! सिरपनं जे झालं नसतं ते आम्ही मिठानं केलं असतं.

पुढे त्यांनी सहज विचारलं, "घरात शुगर फ्री काही आहे का? झायलिटॉल लिहिलेलं? साखरेऐवजी घालतात ते." मी म्हटलं, बाबांच्या चहातल्या गोळ्या आहेत. त्यावर पाहिलं तर सुक्रालोज निघालं, त्याचा कुत्र्याला तसा धोका नाही. मग पुतण्या म्हणाला, "काका, माझं च्युइंगम?" ते पाकीट खाटेवर उघडंच पडलेलं. त्याच खाटेवर, जिच्यावर भुऱ्या दुपारी चढून झोपतो. उलटं करून वाचलं. झायलिटॉल.

हे नीट लक्षात घ्या लोकहो, कारण मलाही माहीत नव्हतं आणि कॅनडात राहणाऱ्या पोरालाही नव्हतं. झायलिटॉल माणसाला चालतं, दाताला बरं म्हणून मुद्दाम घालतात. कुत्र्याच्या पोटात गेलं की त्याचं शरीर फसतं आणि भरमसाठ इन्सुलिन सोडतं. रक्तातली साखर धाडकन खाली येते, बऱ्याचदा तासाभराच्या आतच. कुत्रं ओकतं, लडखडतं, झटके येतात. जास्त गेलं तर लिव्हर जातं. किलोमागे ०.१ ग्रॅम पुरतं, म्हणजे भुऱ्याला २ ग्रॅमसुद्धा भारी. काही च्युइंगमच्या दोन-चार गोळ्यांत तेवढं भरतं. पाकिटावर इंग्रजी एक्सनं सुरू होणारा शब्द किंवा ई ९६७ दिसलं, तर ते उंच फळीवर. खाल्लंच असेल तर वाट पाहत बसू नका, लगेच डॉक्टर. हेच झायलिटॉल काही बिनसाखरेच्या सिरपमध्येही असतं, म्हणून डॉक्टरांनी आधी बाटली वाचायला लावली.

आता माझं मत. शुद्ध मेपल सिरप विष नाही, पण म्हणून ते कुत्र्याला द्यायचं असंही नाही. त्याला त्याची गरजच नाही. गूळ, पेढा, पुरणपोळी, सगळ्यालाच हे लागू. रोज गोड दिलं तर वजन वाढतं, दात जातात. आईला हे पटवायला चाललो होतो, पण तिचं आधीच पक्कं आहे, कुत्र्याला गोड देऊ नये. कारण तेवढं चुकीचं. केस झडतात ते बऱ्याचदा खरजेनं, आणि खरूज होते डोळ्याला न दिसणाऱ्या किड्यांनी. त्याला औषध लागतं, गूळ बंद करून ते किडे जात नाहीत. आमच्या पाटलाच्या वाड्यावरचं कुत्रं केस झडून झडून गेलं, आणि सगळे म्हणत राहिले की लाडू खायचं म्हणून. दवाखान्यात कोणी नेलं नाही. मीही नाही.

आणि एक. भाकरी कुत्र्याला पचत नाही म्हणणाऱ्या शहरी मित्रांसाठी: माणसासोबत राहून कुत्र्याला पीठ पचवायची ताकद लांडग्यापेक्षा जास्त आली आहे, शास्त्रज्ञांनी ते जनुकांतच दाखवलंय. भाकरी द्या. पण शिऱ्यातले बेदाणे वेचून मगच द्या, त्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कांदा-लसणाचा तर्रीवाला रस्सा तर नकोच. हे लिहिताना मला लाज वाटतेय, कारण भुऱ्यानं आमच्या घरी सगळ्यात जास्त खाल्लं असेल तर रस्सा-भाकरच.

त्या रात्री त्याला दोनदा पातळ झालं. तरी दहा वाजता मी टॉर्च घेतला तसा उठून दारात उभा. हरभऱ्यात रोही (नीलगाय) उतरले होते, त्यांना नाल्यापार हाकलूनच परत आला.

बाटली आता फ्रीजमध्ये आहे, उघडल्यावर बाहेर ठेवली तर बुरशी येते म्हणे. लाइन किती वेळ राहते त्यावर तिचं भवितव्य. च्युइंगम पुतण्यानं बॅगेत टाकून चेन लावली. संक्रांत तोंडावर आली आहे, आईनं तीळ निवडायला घेतले आहेत, आणि भुऱ्या तिच्या सुपाजवळ बसलाय, हलायला तयार नाही.