पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोचत नाही ओ काका

नमस्कार काका. निपाणीतनं एवढी लांब कमेंट टाकलात, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं की मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, मग विमानाला जाताना दहा तास आणि येताना नऊ लागतात असं मी लिहिलं ते कुठनं काढलं, उलट पृथ्वी पूर्वेकडं फिरते म्हणजे लंडनच आपल्याकडं सरकत येतंय, जातानाच वेळ कमी लागायला पाहिजे. आणि वर भाच्याच्या तिकिटाचा पुरावा, दुपारी २ ला सुटून संध्याकाळी साडेसहाला लंडन, साडेचार तास फक्त!

पृथ्वीचं आधी बघू. आपल्या बेळगावच्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण १,६०० किलोमीटरनं पूर्वेकडं पळतेय. तुमचं खरं धरलं तर सांबऱ्याच्या विमानतळावरनं हेलिकॉप्टर वर उचलायचं, तासभर एका जागी धरायचं आणि खाली बघायचं, अरबी समुद्र! लंडनला जायला इंधनच नको मग. तसं होत नाही कारण हवा पण जमिनीबरोबरच फिरतेय, आणि विमान उडायच्या आधीपासनंच त्या वेगात आहे.

फरक पडतो तो वाऱ्यानं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडनं पूर्वेकडं वाहतो, हिवाळ्यात जास्त जोरात, कधी कधी ताशी २०० किलोमीटरच्या पण पुढं. विमान हवेत ताशी ९०० नं जात असलं तरी वारा समोरनं आला की तेवढा वेग वजा आणि मागनं आला की अधिक. लंडनला जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. रूट ठरवणारे लोक रोजचा वारा बघूनच मार्ग काढतात, त्यामुळं कालचा वेळ आज लागेलच असं नाही. त्यात कुणी आकाश बंद केलं की आणखी वळसा, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना बंदी घातली तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांचा वेळ वाढलाच की.

आणि जवळचा रस्ता म्हणजे लवकरचा, हे तर अजिबात नाही. २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरनं नेलं, १३,९०० च्या जागी १५,३०० किलोमीटर, आणि तरी साडेचौदा तासात पोचवलं, आधीपेक्षा लवकर, कारण वारा पाठीवर. आपण पण गोव्याला निघताना चोर्ल्याचा रस्ता कसा आहे ते विचारूनच ठरवतो ना, नाहीतर अनमोड.

राहिलं तिकीट. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची आणि पोचायची लंडनची असते ओ. हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेपाच तास मागं (उन्हाळ्यात साडेचार, ते मार्चअखेर तासभर पुढं करतात), ते साडेपाच तिकिटावरच्या साडेचारात मिळवा, दहाच होतात. भाच्याला येतानाचं तिकीट पाठवायला सांगा, त्यात चौदा-साडेचौदा तास दिसतील, मग ते पण खरं धरणार काय?

आता निपाणीच्या घरातनं लंडनच्या घरात जायला दीड दिवस गेला म्हणताय, ते मान्यच. हायवेनं मुंबई, तीन तास आधी रिपोर्टिंग, उतरल्यावर इमिग्रेशनची लाईन. पण तो हिशेब विमानाच्या नावावर नका ओ टाकू, पुण्याजवळचं ट्रॅफिक काय जेट स्ट्रीमनं होत नाही.