घर घेताना कुणाला विचारू नये

कोल्हापुरात घर घ्यायचं ठरवलंत? मग सल्लागार शोधत फिरू नका, तेच तुम्हाला हुडकत येतील. सकाळी दुधाच्या कट्ट्यावर नुसतं एवढं बोलून बघा, "जरा एखादा फ्लॅट बघतोय." ग्लास रिकामा व्हायच्या आत चौघांनी तुमचं बजेट काढून घेतलेलं असतं, दोघांनी ते तोकडं ठरवलेलं असतं आणि एकानं मेहुण्याचा नंबर दिलेला असतो. मेहुणा एजंट असतोच. ज्याचा मेहुणा एजंट नाही, तो स्वतः एजंट असतो.

हा मेहुणा मोठ्या मनाचा. दोन टक्के तुमच्याकडून घेतो, दोन टक्के विकणाऱ्याकडून, आणि दोघांचंही भलं बघतो. त्याला कागद मागू नका. नव्या स्कीममधले फ्लॅट विकायचे तर एजंटालाही महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदणी करावी लागते, हे खरं, पण त्याला नोंदणीचा नंबर विचारणं म्हणजे तालमीत जाऊन वस्तादाला "कुस्ती कुठं शिकलात?" असं विचारण्यासारखं आहे. तो "आपण हाय न्हवं!" म्हणाला की विषय संपला.

वकिलाच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. तो तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांचा शोध, काढायला लावतो, प्रॉपर्टी कार्डावरची नावं मोजतो, पेपरात जाहीर नोटीस देतो आणि वर फी मागतो. एवढे हजार रुपये नुसते कागद वाचायचे? त्यापेक्षा वास्तुशांतीचं जेवण दणक्यात घाला. त्या दिवशी चालत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी ठेवायचा तांबडा-पांढरा वेगळा. तिथं हात आखडू नये. घासाघीस करायची ती वकिलाच्या फीत.

शहरात घ्यायचं की हद्दीबाहेर, हेही त्या मेहुण्यावरच सोडा. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली. हद्द मात्र पुढं दशकानुदशकं जागची हलली नाही. "पुढच्या वर्षी हद्दवाढ नक्की" हे वाक्य मी चड्डीत असल्यापासून ऐकतोय. एजंटाला त्याचा दुहेरी उपयोग होतो. प्लॉटमध्ये पैसे गुंतवणाऱ्याला तो सांगतो, "हद्दवाढ झाली की भाव डबल." राहायला येणाऱ्याला सांगतो, "हद्दवाढ होतीया कशाची, घरफाळा कमीच राहणार." ही दोन्ही गिऱ्हाइकं एकाच स्कूटरवरून, एकाच सकाळी फिरवून आणलेली मी पाहिली आहेत.

विकणाऱ्यांनो, तुम्हीही मागं राहू नका. पेठेतलं वडिलोपार्जित घर काढायचं असेल, तर शेजारच्या गल्लीतलं घर कितीला गेलं ते कट्ट्यावर ऐका, त्यात पाच लाख घाला आणि गप बसा. दस्तात किती लिहिलंय ते काढून बघायला जाऊ नका, उगाच मन खट्टू होतं. सह्यांचं काय ते आयत्या वेळी बघू. २००५ साली कोल्हापुरात दोन गोष्टी घराघरांत शिरल्या: पंचगंगेचं पाणी, आणि लग्न कधीही झालेलं असो, मुलीला मुलाइतकाच वाटा देणारा कायदा. पाणी आठवड्याभरात ओसरलं. कायदा अजून आत आहे आणि इचलकरंजीच्या आत्याला तो पाठ आहे. तिला व्यवहार ठरल्यावरच कळवा. हक्कसोडपत्रावर सही करायला ती आनंदानं येईल, येताना जावयांना घेऊन येईल, आणि जावई येताना कॅल्क्युलेटर.

आता पाण्याचं. नळाचं नव्हे, नदीचं.

राजाराम बंधाऱ्याजवळ पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. जुलै लागला की हा आकडा आमच्याकडं सोन्याच्या भावासारखा विचारतात. पण घर बघायला जाताना तो मनातसुद्धा आणू नये. घर बघावं एप्रिलमध्ये, सांजच्याला, नदीकडनं गार वारा सुटलेला असताना. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा असते, ती साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल असते, ती १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एजंट हे फार सोपं करून सांगतो. "शंभर वर्षांतनं एकदा साहेब, म्हंजे तुमच्या पणतवाला बघू दे की!" पूर आले २००५, २०१९ आणि २०२१ ला. पंचगंगेनं तो नकाशा पाहिलेला नसावा.

मी घर घेतलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. वसाहतीचं नाव सांगत नाही. का, ते पुढं कळेल. रंग ताजा होता, भिंतीवर लोणा औषधालाही नव्हता. लाईटचं मीटर मात्र दाराशेजारी नसून जिन्याच्या वरच्या वळणावर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असं. खालच्या खोलीतले प्लगपॉइंट माझ्या छातीच्या उंचीवर. आणि तांदळा-गव्हाच्या कोठ्या माळ्यावर. मी विचारलं नाही असं नाही. "प्लगपॉइंट एवढे वर का?" एजंट म्हणाला, "म्हाताऱ्या माणसांस्नी वाकाय नको म्हणून." केवढा विचार केलाय, मी बायकोला म्हणालो. कोठ्या उंदरांमुळं वर होत्या. मीटरचं विचारायचं राहून गेलं.

ऑगस्टात पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला लागलं. शेजारच्या आजींनी दोन दिवस आधीच पोरांकडून सगळं वरच्या मजल्यावर नेलं होतं, अगदी पाटा-वरवंटासुद्धा. मी त्या वेळी मोबाईलवर बंधाऱ्याची पातळी बघत बसलो होतो. ओसरल्यावर चिखल काढता काढता त्यांना विचारलं, "आजी, इथं आधीही पाणी यायचं?"

"पाचला आलतं की."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू इचारलास कवा? आलास, नारळ फोडलास, पेढं दिलंस, गेलास."

एकवीसला पुन्हा आलं. तेव्हा मात्र मीटर, प्लगपॉइंट, कोठ्या, सगळं जिथल्या तिथं असल्यानं फारसं नुकसान झालं नाही. आधीच्या मालकाबद्दल आदर वाटला.

आता ते घर मी विकायला काढलंय. दिवस एप्रिलचे आहेत. रंग गेल्याच आठवड्यात दिला. हलका पिस्ता घेतला, ओल दिसत नाही म्हणून. मेहुण्याशी बोलणं झालंय. तो रविवारी एक गिऱ्हाईक आणतोय. पोरगा बारका आहे, चष्मेवाला, वहीत टिपून घेणारा. लक्षण काही बरं दिसत नाही. असली पोरं शेजारी चौकशी करतात.

म्हणून आज सकाळी अर्धा किलो पेढे घेऊन आजींकडं गेलो. इकडचं तिकडचं बोललो, गुडघे विचारले. मग म्हणालो, "आजी, रविवारी एक पोरगा येईल. पाण्याचं काही विचारलं, तर तेवढं सांगू नका."

आजींनी पेढा तोंडात टाकला. "न्हाई सांगत," म्हणाल्या. "पर कंचं न्हाई सांगायचं? एकोणीसचं का एकवीसचं?"